पहिल्या घराचं आढं

नव्वदचं दशक संपत आलं होतं, तेव्हाची गोष्ट. माजरीच्या खाण कॉलनीत आमच्या क्वार्टरच्या पुढच्या खोलीत मी शिवणक्लास चालवायची. मियाँ खाणीत इलेक्ट्रिशियन. ते ड्युटीवर गेले की माझ्या मशिनी सुरू व्हायच्या. खिडकीच्या पडद्यावर कोळशाची धूळ, आत ब्लाउज, परकर आणि शाळेचे गणवेश. क्लासला येणाऱ्या बाया सगळ्या जातींच्या, सगळ्या धर्मांच्या होत्या. एक गोष्ट मात्र सगळ्यांची सारखी होती. लग्न, मयत आणि बाळंतपण सोडून कुणी कधी कुठं गेलेलं नव्हतं.

म्हणून त्या हिवाळ्यात सहलीचं काढलं. जायचं कुठं यावर मात्र जमेना. चंद्रपूरचं देऊळ सगळ्यांनी पाहिलेलं. ताडोब्याचं नाव निघालं, तर अर्ध्या जणी म्हणाल्या, वाघ पाहायला पैसे देऊन कशाला जायचं. शेवटी काजबटणाचं काम करणारी एक मुलगी हळूच म्हणाली, "माह्या माहेरी चला नं. आमचं पयलं घर पाहाले."

पहिलं घर म्हणजे काय ते तिनं सांगितलं. आलापल्लीच्या अलीकडे, रस्ता सोडून आत तिचं गाव. कितीतरी पिढ्यांमागं तिथं नुसतं सागवान होतं. नदीपलीकडून एक माणूस बैलजोडी आणि बायको घेऊन आला, झाडं तोडली, घर बांधलं, धानाच्या पाण्यासाठी बोडी, म्हणजे तळं, खोदलं, धान पेरलं. मग त्याच्यामागं दुसरे आले आणि गाव झालं. ते घर अजून उभं होतं. गावात कुणाचंही लग्न असो, नवरी आधी त्या घराचा उंबरठा शिवून मग सासरच्या घरात जायची.

"लोखंडाचा एक खिळा नाई त्या घरात," ती म्हणाली. "सगळं लाकडात लाकूड."

माझ्या अब्बांचं चंद्रपुरात सुतारकामाचं दुकान आणि मागं लाकूड कापायची आरामशीन. लहानपणी मी तिथल्या ओंडक्यांवरच खेळले. बिनखिळ्याचं घर म्हटल्यावर मला राहवेना. मी म्हटलं, ठरलं. तिथंच जायचं.

घरी वादळ झालं. माझे जेठ, म्हणजे मियाँचे थोरले भाऊ, बल्लारपूरहून मुद्दाम आले. "सहल? बायकांची? आणि सोबत मर्द कोण?"

"ड्रायव्हर आहे ना, भाईजान," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं आणि मियाँकडे वळले. "त्या जंगलात काही झालं तर आख्ख्या कॉलनीत नाव आपलं जाईल. मग हा क्लास बंद करायचा. मंजूर?"

मियाँ म्हणाले, "मंजूर. पण जाऊ दे तिला."

मला त्यांचा रागही आला आणि मायाही वाटली. आता सहल नीट पार पाडणं एवढंच माझ्या हातात होतं.

अंधार असतानाच बस निघाली. ड्रायव्हर पन्नाशीचा, बोलका माणूस. पूर्वी आलापल्लीच्या डेपोतून लाकडाचे ट्रक नेत असे. माझ्या शेजारी भाजीवाल्या मावशी बसल्या होत्या. कॉलनीच्या गेटाशी त्यांचा ठेला होता, साठीच्या घरातलं वय, अंगानं भक्कम. क्लासमध्ये त्यांना दोरा ओवता येत नव्हता, पण त्या रोज यायच्या. "घरी बसून काय करू?" असं म्हणायच्या. चंद्रपूर मागं पडलं, उजाडलं, गोंडपिपरीला चहा झाला, आष्टीचा पूल ओलांडला आणि दोन्ही बाजूंनी साग सुरू झाला. बायांनी खिडक्या उघडल्या. गार वाऱ्यात डोक्यावरचे पदर उडत होते आणि कुणीही ते सावरत नव्हतं.

फक्त आभाळ चांगलं नव्हतं. पौष महिन्यात असावं तसं निळं नव्हतं. दक्षिणेकडून ढग येत होते. ड्रायव्हरभाऊंना दोनदा वाकून वर पाहताना मी पाहिलं.

गावाच्या तोंडाशी बोडी होती, काठावर तिवसाची झाडं. माहेरवाशीण बस थांबायच्या आधीच उतरली आणि धावत सुटली. आम्ही मागोमाग. गल्ली स्वच्छ सारवलेली, अंगणात तणसाच्या, धानाच्या पेंढ्याच्या, गंज्या. पण वळणावर ती एकदम उभी राहिली. मी जवळ पोचले तर तिच्या डोळ्यांत पाणी.

पहिल्या घराला छप्परच नव्हतं.

मातीच्या जाड भिंती उभ्या होत्या. मधोमध सागाचे तीन उंच खांब ओळीनं उभे होते, आणि त्यांच्या डोक्यावर नुसतं आभाळ. छपरावरचे मातीचे कवेलू एका बाजूला रचून ठेवलेले. अंगणात एक लांबच लांब नवं सागवान पडलं होतं, सोललेलं, तासलेलं.

त्या घरची सून बाहेर आली. चाळिशीची, काटक बाई, हाताला चिखल. माहेरवाशिणीनं तिच्या गळ्यात पडून विचारलं, "वैनी, हे काय झालं वं?"

"जुनं आडं सडलं होतं," ती म्हणाली. आढं म्हणजे छपराच्या मधल्या कण्यावरचं लाकूड. सगळं छप्पर त्याच्यावर तोलतं. "जंगलखात्याकडून नवं लाकूड भेटता भेटता दोन पावसाळे गेले. आता भेटलं, तर बाप्यांनी छप्पर उतरवलं. आडं चढवाचं तेवढ्यात ठेकेदाराचा ट्रक आला. बांबूची कटाई लवकर सुरू झाली म्हणे. सगळे बापे गेले. पंधरवड्यानं येतीन."

"आन पाणी आलं तर?"

वहिनीनं भिंतीकडे पाहिलं. मातीची भिंत उघड्यावर पावसात भिजली की बसते. अशी कितीतरी घरं आम्ही सगळ्यांनी पाहिली होती. तिनं भिंतींच्या माथ्यावर तणस पसरलं होतं, पण वाऱ्यानं ते अर्धं उडालेलं.

अंगणात लाकडाशेजारी गावचे म्हातारे सुतारभाऊ बसले होते. पायाला फडकं बांधलेलं; तेच लाकूड तासताना वाकस घसरून लागलं होतं. त्यांनी आढ्याला तीन खाचा करून ठेवल्या होत्या, तीन खांबांच्या तीन डोक्यांसाठी. "माहं काम झालं," ते म्हणाले. "आता हे वर कोन नेते?"

आम्ही डबे घेऊन उभ्या. सहलीला आलेल्या बाया. मी खांबांकडे पाहत होते, मग लाकडाकडे. अब्बांच्या आरामशीनवर याच्या दुप्पट जाडीचे ओंडके हमाल नुसत्या दोरांवर ट्रकमध्ये चढवायचे. ते चित्र डोळ्यांपुढे आलं, आणि त्याच वेळी माझ्या मागून ड्रायव्हरभाऊ म्हणाले, "बाई, आमच्या डेपोत हे असं लाकूड लोळवत चढवत होते. लाकडाच्या दोन लांब बल्ल्या तिरप्या लावाच्या, दोन दोर खालून घालाचे आन पलीकडून ओढाचे."

"तेच मीपण पाहून राह्यली," मी म्हटलं.

मग मी सुतारभाऊंना विचारलं, असं जमेल का. त्यांनी मान वाकडी करून लाकडाकडे, खांबांकडे, मग आम्हा सगळ्यांकडे पाहिलं. "होते," ते म्हणाले. "पण ओढन कोन?"

भाजीवाल्या मावशींनी डबा ओट्यावर ठेवला आणि पदर कमरेला खोचला. "आम्ही का जत्रेले आलो?"

सगळ्या हसल्या, आणि हसता हसता एकेकीचा पदर खोचला गेला. कुणाला विचारायची गरजच पडली नाही. मला जेठ आठवले. एका बाईला जरी लागलं, तरी क्लास गेला. ओंडका सुटला तर काय होतं ते मी आरामशीनवर पाहिलेलं होतं. पण त्या उघड्या भिंतींकडे पाहून मागं फिरणंही होईना. मी ड्रायव्हरभाऊंना म्हटलं, "लाकडाच्या खाली कोणी उभं राहणार नाही. एकही नाही. ही माझी अट."

"माहीपण तीच," ते म्हणाले.

तेवढ्यात ओट्यावर बसलेले गावातले एक आजोबा काठी आपटत उठले. "आड्याले बाईचा हात लागत नाई. गावची रीत आहे. बापे येऊ द्या."

सगळं एकदम थांबलं. वहिनी खाली पाहू लागली. ती त्या घरची सून, आणि ते तिचे चुलत सासरे. मला वाटलं, संपलं. पण मग तिनं मान वर केली. आवाज चढवला नाही. साधं विचारल्यासारखं म्हणाली, "बाबाजी, तुमीच सांगत असता, पयला माणूस इथी आला तवा त्याच्यासंग कोन होतं?"

"कोन म्हंजे? त्याची बायको."

"आनखी?"

"आनखी कोनी नाई. जंगल होतं नुसतं."

"मंग पयलं आडं त्यानं एकट्यानं चढवलं? बायको काय पाहत बसली होती?"

सुतारभाऊ जमिनीकडे पाहून हसत होते. आजोबांनी त्या तीन खांबांकडे पाहिलं. मग काठी भिंतीला टेकवून म्हणाले, "दोर बोडीवरच्या नावेचे आना. इथचे सडले आहेत."

गावातल्या बाया बातमी लागताच आल्या. काही जणी "जोहार" म्हणत आल्या, त्या शेजारच्या टोल्यावरच्या, छोट्या वस्तीवरच्या, गोंड बाया होत्या. ड्रायव्हरभाऊंनी दोन लांब बल्ल्या जमिनीपासून भिंतीवरून थेट खांबांच्या डोक्यांपर्यंत तिरप्या लावल्या, घसरगुंडीसारख्या. सुतारभाऊंनी बसल्या जागेवरून सांगत खांबांना टेकू लावून घेतले. दोर वर बांधले, लाकडाखालून घेतले आणि परत वरून घराच्या पलीकडच्या अंगणात सोडले. लाकूड चढेल तसं त्याच्यामागं बल्लीवर लाकडाचे गुटके ठोकायचे, म्हणजे ते उलटं लोळणार नाही. ते काम ड्रायव्हरभाऊंनी घेतलं, बाजूला शिडी लावून. वर खाचा बसवायला कुणीतरी हवं होतं. एका टोकाला माहेरवाशीण चढली. दुसऱ्या टोकाला मी. लग्नानंतर पहिल्यांदाच मी उंचावर चढत होते. सलवारीचे पायचे वर खोवले आणि आडव्या तुळईवर पाय टेकून खांबाला मिठी मारून बसले. खाली सगळं गाव दिसत होतं, बोडी दिसत होती, आणि सागाच्या रानावर काळे ढग.

एका दोरावर आमच्या बाया, दुसऱ्या दोरावर गावच्या.

"ओढा!" ड्रायव्हरभाऊ ओरडले.

लाकूड हललं. एक वीत, दोन वीत. बायांनी आरोळी ठोकली. पण मग काहीतरी बिघडलं. दोन्ही दोरांत चुरस लागली. आमच्या कॉलनीच्या बाया "हैश्या" म्हणत झटके देत होत्या, गावच्या बाया आपल्या संथ चालीत ओढत होत्या. माझ्याकडचं टोक पुढं गेलं, पलीकडचं मागं राहिलं. लाकूड बल्ल्यांवर तिरपं झालं आणि कर्रर्र आवाज करत सरकू लागलं.

"थांबा!" मी वरून ओरडले. "धरून ठेवा! सोडू नका!"

आमच्या दोरावरच्या दोन बाया घसरून पडल्या. दोर सरसर निघाला. भाजीवाल्या मावशी सर्वांत मागं होत्या. त्यांनी दोराचा वेढा कमरेला घेतला आणि टाचा मातीत रोवून मटकन खाली बसल्या. दोर ताणला गेला आणि थांबला. ड्रायव्हरभाऊंनी गुटका ठोकला, मग दुसरा. लाकूड स्थिर झालं.

पडलेल्या बाया उठल्या, हातपाय झाडले. लागलं कुणालाच नव्हतं. मी खांबाला कपाळ टेकवलं आणि अल्लाचं नाव घेतलं. खाली उतरावं, दोर सोडून द्यावेत, डबे खाऊन घरी जावं, असा विचार मनात आला, हे खरं आहे.

"आता काय करता वं?" आजोबांनी खालून विचारलं.

त्यावर माहेरवाशीण बोलली. समोरच्या टोकाला ती खांब धरून उभी होती. क्लासमध्ये तिचा आवाज कधी शेजारच्या मशीनपर्यंत पोचला नव्हता. आता ती इतक्या जोरात बोलली की गल्लीतली माणसं वळून पाहू लागली. "अशा वेगळ्या वेगळ्या काऊन उभ्या राह्यल्या? मिसळा! एक आमची, एक तुमची. आन हैश्या नाई. रोवण्याच्या चालीवर ओढा. वैनी, तू म्हण!"

बायांनी जागा बदलल्या. एक गावची, एक कॉलनीची, अशी ओळ लागली. मावशींच्या पुढं एक गोंड बाई येऊन उभी राहिली. दोघींना एकमेकींची भाषा नीट येत नव्हती. तिनं मावशींच्या कमरेचा वेढा सोडवला, आपल्या हाताला एक फेरा घेतला आणि खूण केली, असं.

वहिनीनं चाल धरली. धान रोवताना म्हणतात ती, लांब सूर आणि शेवटी एक ठेका. ठेक्यावर गावच्या बायांनी ओढलं आणि त्यांच्या अंगाच्या झोक्यानं आमच्या बायाही ओढल्या गेल्या. दुसऱ्या फेरीला सगळ्यांना कळलं. तिसऱ्या फेरीला चाळीस-पन्नास बायांचा एक श्वास झाला. वरून मला ते दिसत होतं. लाल, हिरवी, पिवळी लुगडी आणि नायलॉनच्या साड्या एकदम मागं झुकायच्या, आणि लाकूड एक फेरा लोळायचं. गुटका. पुन्हा सूर, पुन्हा ठेका, पुन्हा गुटका.

भिंतीचा माथा ओलांडला. आता ते आमच्याकडे येत होतं. सागाचा ताजा वास नाकात भरला. माझ्या हाताशी आलं तेव्हा त्याचा जडपणा हवेतच जाणवला.

"बाई, खाच खाली येऊ द्या!" सुतारभाऊ ओरडले. "खाच खाली!"

"आणखी अर्धा फेरा!" मी ओरडले.

वहिनीचा सूर लांबला. इतका लांबला की मला वाटलं, तिचा श्वास संपेल. मग ठेका पडला, दोर ताणले गेले आणि लाकूड खांबांच्या डोक्यांवर येऊन फिरलं. मी दोन्ही हातांनी त्याला वळवलं. समोर माहेरवाशिणीनं छाती लावून ढकललं. मधल्या खांबावर आधी बसलं, धप्. मग तिचं टोक. मग माझं. पायाखालची तुळई हादरली आणि तो हादरा भिंतींतून जमिनीत गेला. लाकडात लाकूड बसल्याचा तो आवाज मी अब्बांच्या दुकानात हजारदा ऐकला होता, पण इतका मोठा कधी नाही.

क्षणभर कुणालाच खरं वाटेना. मग खाली जो गलका झाला, त्यानं बोडीवरचे बगळे उडाले. बाया एकमेकींना मिठ्या मारत होत्या, ओळखीच्या, अनोळखी, कुणी कुणाला. ड्रायव्हरभाऊ शिडीवरच टोपी हवेत उडवत होते. माहेरवाशीण आढ्यावर घोड्यावर बसतात तशी बसली होती, केस सुटलेले, आणि रडत रडत हसत होती. मी माझ्या टोकावरून तिच्याकडे सरकत गेले. मधल्या खांबाशी आम्ही एकमेकींचे हात धरले.

आजोबा आत आले. मान वर करून त्यांनी तिन्ही खाचा नीट पाहिल्या. मग वहिनीला म्हणाले, "सरळ बसलं." एवढंच. पण तिचा चेहरा जो उजळला, तो मी विसरणार नाही.

काम तिथंच थांबलं नाही. ढग डोक्यावर आले होते. बायांनी ओळ लावून वासे वर दिले, आम्ही ते दोरीनं बांधले. बसच्या टपावरची मोठी ताडपत्री ड्रायव्हरभाऊंनी सोडून आणली. "मालकाले सांगतो, वाऱ्यानं उडाली," ते म्हणाले. वहिनी म्हणाली, तसं खोटं बोलायची गरज नाही, बापे आले की पोचती करू. ताडपत्रीवर तणस, तणसावर बांबू. कवेलू नंतर बसतील. दुपार कलली तेव्हा पहिल्या घरात पुन्हा सावली होती.

त्या सावलीत आम्ही जेवायला बसलो. नवा भात, पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, ओल्या दाण्यांची भाजी, टमाट्याची चटणी, आणि आमच्या डब्यांतलं सगळं एकत्र. गोंड बाई आणि मावशी एकाच पानात जेवत होत्या. मग माहेरवाशिणीनं आम्हाला घर दाखवलं, ज्यासाठी आम्ही आलो होतो. खांबांवरचे जुन्या कुऱ्हाडीचे घाव, बोट फिरवलं तर गुळगुळीत लागणारे. भिंतीत बसवलेली धानाची कोठी. उंबरठा, इतक्या नवरीमुलींच्या हातांनी मधोमध झिजलेला. आमच्यातल्या बाया कुणी न सांगता एकेक करून वाकल्या आणि त्याला शिवल्या. मीही शिवले.

निघताना वहिनी बसच्या दारापर्यंत आली. माझे दोन्ही हात हातांत घेऊन तिनं तळवे उलटे करून पाहिले. सगळे सोललेले. तिचेही तसेच. "पुढच्या साली याल?" तिनं विचारलं.

"कवेलू पाहायला येऊच," मी म्हटलं.

बस रस्त्याला लागल्यावर कुणीतरी रोवण्याची ती चाल धरली आणि आष्टीच्या पुलावर सगळी बस गात होती. जेठांना काय सांगायचं, हा विचार मनात आला, पण त्याची भीती आता उरली नव्हती. विचारतील तर सगळं सांगेन, खांबावर चढले तेसुद्धा.

संध्याकाळी गोंडपिपरीला चहासाठी थांबलो तेव्हा पावसाचे पहिले टपोरे थेंब पडले. बायांनी पत्र्याखाली जायच्या ऐवजी रस्त्यावर उभं राहून आभाळाकडे पाहून टाळ्या वाजवल्या. हॉटेलवाला चहाचे ग्लास हातात धरून बघतच राहिला. चिखलानं माखलेल्या साड्या, केसांत तणस, हातांना फडकी बांधलेली.

"काय वं बाई," त्यानं मावशींना विचारलं, "कोनाच्या लग्नाहून येऊन राह्यल्या का?"

मावशींनी चहाचा घोट घेतला, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "नाई भाऊ. घर बांधून येऊन राह्यलो."